तोंडातला शोध

"हे सिमेंट कोण पुरवतं?" शंकासुरांनी दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत आडवं पडल्यापडल्या विचारलं.

"कंपनी," डॉक्टरबाई इंजेक्शन भरत म्हणाल्या.

"आणि त्या कंपनीला परवाना कोण देतं?"

"सरकार. अजून कोण देणार?"

"बघा!" शंकासुर ताडकन उठून बसले. सिस्टरनी त्यांना खांद्याला धरून पुन्हा आडवं केलं.

शंकासुर हे त्यांना वसाहतीनं दिलेलं नाव. विमा कंपनीत लोकांच्या दाव्यांवर शंका घेण्याचा त्यांना पगार मिळायचा आणि घरी आल्यावर तेच काम ते फुकट करायचे. रस्त्यावरचे नवे दिवे माणसांचं बोलणं टिपतात आणि दातात भरलेलं सिमेंट ते बोलणं त्या दिव्यांपर्यंत पोचवतं, असं त्यांचं ठाम मत होतं. म्हणून किडलेली दाढ त्यांनी तशीच जपली होती. शेवटी गालाचा फुगा झाला, तेव्हा बायकोनं त्यांना दंडाला धरून दवाखान्यात आणलं आणि स्वतः बाहेरच्या बाकावर पहारा देत बसली.

इंजेक्शन झालं, गाल बधिर झाला, पण जीभ काही थांबेना. मग बाईंनी खालच्या खणाचं कुलूप उघडलं आणि रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली. दोन रबरी पट्ट्या आणि मधे दातेरी कडी.

"हे काय?"

"तोंड उघडं धरून ठेवायचं यंत्र. मी स्वतः बनवलंय. बोलक्या पेशंटसाठी. उद्या पेटंटचा अर्ज पाठवणार आहे."

"पेटंट!" शंकासुरांना दाढ विसरायला एवढं पुरेसं होतं. "अहो बाई, कल्पना म्हणजे हवा. हवेला कुंपण घालता होय? चाकाचं पेटंट कुणी घेतलं असतं, तर आज तुम्हाला दवाखान्यात चालत यावं लागलं असतं."

"मी चालतच येते."

"मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की पेटंट हा सरकारी सापळा आहे. माणसं आपल्या डोक्यातली सगळी हुशारी कागदावर उतरवून आपणहून सरकारच्या हवाली करतात! पाण्यावर चालणारी गाडी, कधी न झिजणारा बूट, सगळं तिथल्या कपाटांत पडून आहे."

"तुम्ही पाहिलंत ते कपाट?"

"नाही. यावरूनच समजा किती चोख लपवलंय."

सिस्टरना अचानक भिंतीवरचा तक्ता वाचावासा वाटला. त्या तिकडे तोंड करून उभ्या राहिल्या, पण खांदे हलत होते. डॉक्टरबाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांना ते फार लागलं.

"दोन वर्षं माझा एक रविवार मोकळा गेला नाही. मुलीच्या नाटकाला गेले नाही. स्वयंपाकघरात नवऱ्याच्या तोंडात पट्ट्या घालून बघायचे, तो बिचारा गार झालेला चहा प्यायचा. आणि ही हवा? उघडा तोंड!"

कट, कट, कट करत कडी उघडत गेली आणि वाद एकतर्फी झाला. बाई दाढ कोरत होत्या आणि कोरताकोरता कष्ट, हक्क, चोरी यांवर बोलत होत्या. शंकासुरांकडे एकेका वाक्याला तीनतीन उत्तरं तयार होती, पण बाहेर येत होता फक्त 'आ'. संतापून त्यांनी रबरावर असे काही दात आवळले, की आतून खट्‌ असा आवाज आला. यंत्र सरकलं आणि नेमकं कोरलेल्या दाढेवर आडवं बसलं.

"हलू नका, काढते." बाईंनी कळ दाबली. कडी ढिम्म. त्यांनी चिमटा घातला. कडी ढिम्मच. बाईंच्या कपाळावर घाम आला आणि तो पाहून शंकासुरांच्याही.

"मॅडम," सिस्टर हळूच म्हणाल्या, "समोरच्या डॉक्टरांना बोलावू? त्यांच्याकडे बारीक कटर आहे."

"खबरदार! त्यांनी हे नुसतं बघितलं, तर माझ्या आधी त्यांचा अर्ज पोचेल."

"मग पेशंटचं काय?"

"पेशंटना थोडं थांबता येईल."

"आऽऽ!" पेशंट म्हणाले. याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही.

तेवढ्यात दार ढकलून त्यांची बायको आत आली. तिचा चेहरा उतरला होता. "काय झालं हो यांना? मघापासून यांचा एक शब्द ऐकू आला नाही. झोपेतसुद्धा इतके गप्प नसतात!" नवऱ्याचा वासलेला जबडा पाहून तिनं त्यांचा हात घट्ट धरला. शंकासुर दुसऱ्या हातानं खिडकीतून समोरच्या दवाखान्याकडे जिवाच्या आकांतानं बोट दाखवू लागले.

"समोरच्या डॉक्टरांना बोलवा म्हणतायत," सिस्टर म्हणाल्या.

"ते कटर लावतील. माझ्याकडे हा एकच नमुना आहे हो," डॉक्टरबाई काकुळतीला आल्या. "कापला तर उद्या काय दाखवू?"

"आणि माझ्याकडे हा एकच नवरा आहे! मी जाते बोलवायला."

बायको दाराकडे निघाली, तशा डॉक्टरबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. दोघींपैकी कुणी मागे सरेना. इकडे इंजेक्शनचा अंमल उतरत चालला होता आणि उघड्या दाढेत हवा शिरताच शंकासुरांच्या थेट मेंदूत कळ गेली. त्यांनी कळवळून जबडा एका बाजूला फिरवला, जिभेनं कुठेतरी जोरात रेटा दिला, आणि खट्‌! यंत्र त्यांच्या मांडीवर पडलं.

बाईंनी धावत येऊन ते उचललं. ओरखडासुद्धा नव्हता. त्या स्टुलावर बसल्याच. घाबरलेल्या पेशंटला यंत्रातून स्वतःला सोडवता यावं, यासाठीही त्यांनी दोन वर्षं डोकेफोड केली होती आणि तेवढंच जमलं नव्हतं.

"आतून सोडवलंत? नुसत्या जबड्यानं? कसं केलंत?"

शंकासुर सांगायला निघाले आणि थबकले. त्यांच्या डोळ्यांत आजवर कुणी न पाहिलेली चमक आली.

"का सांगू? ती माझी कल्पना आहे."

"कल्पना म्हणजे हवा ना?"

"ही हवा माझ्या तोंडातली आहे."

"अहो, दाढ उघडी आहे," बायको म्हणाली. "सांगून मोकळे व्हा."

"तू मधे पडू नकोस. हा मालकीचा प्रश्न आहे."

"बरं, नका सांगू," बाई म्हणाल्या. "तोंड उघडा. सिमेंट तरी भरू."

"वा! म्हणजे तुम्ही आत डोकावून सगळं बघणार." शंकासुरांनी ओठ गच्च मिटून घेतले. वर हातही ठेवला. कळ आली की डोळ्यांत टचकन पाणी यायचं, पण ओठ काही सुटत नव्हते. सिस्टर सिमेंट कालवून उभ्या होत्या आणि ते घट्ट व्हायला लागलं होतं.

शेवटी बाई नरमल्या. "ठीक आहे. अर्जावर तुमचंही नाव घालते. माझ्या नावाशेजारी."

"शेजारी नाही. आधी," शंकासुर हाताआडून पुटपुटले.

"शेजारी."

पुन्हा कळ आली. "शेजारी," शंकासुर म्हणाले.

"सिस्टर, साहेबांचं पूर्ण नाव, पत्ता, फोटो आणि सही घ्या. जबडा कसा फिरवला, जीभ कुठे लावली, सगळं चित्रासकट येऊ द्या. काही म्हणजे काही लपवायचं नाही. उद्याच पाठवायचंय."

"कुठे पाठवायचंय?" शंकासुरांनी विचारलं.

"कुठे म्हणजे? सरकारकडे."

शंकासुरांचं तोंड उघडं पडलं. यंत्राशिवाय, पार मागच्या दाढेपर्यंत. बाईंनी सिस्टरच्या हातातलं सिमेंट घेतलं आणि भरून टाकलं.