उजवा डोळा प्रगतिपथावर

कामाची नोंद झाली की काम निम्मं होतं, आणि उरलेलं निम्मं ती नोंद पाहून समाधान मानण्यात जातं. जगातली सगळी कार्यालयं या एका सत्यावर उभी आहेत. आमच्या सौंसरच्या कार्यालयात हे सत्य बरीच वर्षं नांदत होतं, पण त्याला शास्त्राचं रूप देण्याचा मान प्रफुल्लभाऊ सोमकुवर यांचा. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतो, म्हणून हा वृत्तान्त लिहिण्याची जबाबदारी माझ्यावर आली. (कोणी दिली नव्हती. आली.)

कार्यालयाचं नाव सांगत नाही. तुम्ही तिथे येऊन गेला आहात, आणि साहेब मीटिंगला गेलेत हे ऐकून परतही गेला आहात.

प्रफुल्लभाऊ पांढुर्ण्याला राहतात आणि रोज बसने सौंसरला येतात. वय एक्केचाळीस, अक्षर सुरेख, स्वभाव गरीब. दुपारच्या डब्यातली अर्धी भाकर शेजाऱ्याला देणारा माणूस. त्यांना एकच दुःख होतं: ई-मेल. पांढुर्णा जिल्हा झाला आणि पत्रं वाढली. आधी ती छिंदवाड्याहून यायची. आता छिंदवाड्याहून येतात आणि पांढुर्ण्याहूनही. राज्य हिंदीचं, म्हणून पत्र हिंदीत येतं, त्यावर आम्ही मराठीत चिडतो आणि नोंद इंग्रजीत होते. गेल्या दिवाळीनंतर भाऊंच्या खात्यात न उघडलेली चार हजार तीनशे बारा पत्रं होती. आकडा मला पाठ आहे, कारण रोज सकाळी ते तो मोठ्याने वाचत, आजाऱ्याचा ताप वाचावा तसा.

मग त्यांना मोबाइलवर एक गुरू भेटला. कानाला माइक लावलेला, सतत भुवया उडवणारा. त्याने दोन दिवसांच्या शिबिरात सांगितलं की ई-मेल हे पत्र नसून न जन्मलेलं काम आहे, आणि त्याला जन्म देणं आपल्या हातात आहे. सोमवारी भाऊ कार्यालयात आले ते वेगळेच होऊन. त्यांनी संगणकावर गुरूची कामं नोंदवणारी प्रणाली बसवली आणि टेबलाच्या काचेखाली पाच नियम लावले:

१. प्रत्येक ई-मेल हे काम आहे. नसल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी ई-मेलवर.
२. कामाच्या नावात क्रियापद हवं. ("हातपंप" लिहू नये, "हातपंपाविषयी विचार करणे" लिहावं.)
३. प्रत्येक कामाला तारीख, रंग, ठिकाण आणि मनःस्थिती द्यावी. (उदा. गुरुवार, पिवळा, टेबल, उत्साही.)
४. नोंद झाल्यावर मूळ ई-मेल नजरेआड करावा.
५. छाननीच्या वेळी काम करू नये.

पाचवा नियम या शास्त्राचा आत्मा. छाननी म्हणजे कोणतं पत्र कोणत्या रंगाचं हे ठरवणं. ती करताना मध्येच एखादं काम करून टाकलं तर लय बिघडते. छाननी सकाळी साडेदहाला सुरू होई आणि साडेपाचला संपे, त्यामुळे लय बिघडण्याचा प्रसंग आला नाही.

कोणी याला आळस म्हणेल. त्यांच्यासाठी आकडेवारी आहे. भाऊंनी तीन आठवडे मोजणी केली. एक काम पूर्ण केलं की सरासरी दोन पूर्णांक तीन नवीन ई-मेल येतात (एक आभाराचा, एक खुलासा मागणारा, आणि तिसऱ्याचा काही अंश). काम केलं नाही तर फक्त स्मरणपत्र येतं, आणि ते जुन्याच नोंदीखाली जोडता येतं. म्हणजे केल्याने काम वाढतं, न केल्याने स्थिर राहतं. हा निष्कर्ष कार्यालयात सर्वांना अनुभवाने माहीत होता, पण त्याचा आलेख आजवर कोणी काढला नव्हता.

एकोणीस दिवसांत खातं रिकामं झालं. एकही पत्र नाही. पडदा पांढरा स्वच्छ. भाऊंनी समोसे मागवले, आणि साहेबसुद्धा खुर्चीवरून उठून तो पांढरा पडदा पाहून गेले. जनतेलाही लाभ झाला. बोरगावचा कवडू एका दाखल्यासाठी तीनदा येऊन गेला होता. चौथ्यांदा भाऊंनी त्याला त्याचं काम पडद्यावर दाखवलं: हिरवा रंग, शुक्रवार, मनःस्थिती प्रसन्न. कवडूने आपल्या कामाचा फोटो काढला आणि समाधानाने गावी गेला.

यथावकाश प्रणाली घरी पोचली. तोंडी सांगितलेली गोष्ट प्रणालीत बसत नाही, हे भाऊंनी पत्नी वैशालीवहिनींना प्रेमाने समजावलं. वहिनी पांढुर्ण्यात शिवणाचे वर्ग घेतात. मापाच्या बाहेरचं कापड त्यांना चालत नाही, पण संसार म्हणून त्यांनी ई-मेल केला. विषय: मेथी. मेथी नवव्या दिवशी आली. तोवर घरात तीनदा मेथी होऊन गेली होती.

आता भाऊंचे वडील, दादाराव. वय अडुसष्ट. आयुष्यभर संत्र्याच्या रोपवाटिकांमध्ये डोळा भरण्याचं काम केलेला माणूस. माहीत नसणाऱ्यांसाठी: जंबेरी या रानलिंबाच्या खुंटाला चाकूने चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा काढून त्या चिरेत बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. डोळा फुटला तर झाड संत्र्याचं. पांढुर्ण्यापासून सावरगावपलीकडच्या संत्र्याच्या वाड्यांपर्यंत निम्मी झाडं दादारावांच्या हातची, असं लोक म्हणतात. (दादाराव स्वतः पाव म्हणत.) पण त्यांच्या स्वतःच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला, डावा आधीच अधू. गेल्या हंगामात त्यांनी चाळीस डोळे उलटे बांधले. एकही फुटला नाही. रोपवाटिकेचे मालक भैय्याजी भला माणूस. ओरडले नाहीत. "दादाराव, आता आराम करा," एवढंच म्हणाले. दादाराव घरी आले आणि चाकू पुसून फडक्यात गुंडाळून ठेवला.

लोधीखेड्याच्या शिबिरात डोळा तपासला. नागपूरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन होणार होतं. फॉर्मवर ई-मेल विचारला, तेव्हा दादारावांनी अभिमानाने मुलाचा दिला.

डिसेंबरच्या पाच तारखेला ई-मेल आला. दादाराव सोमकुवर, उजवा डोळा, अठरा तारीख, सकाळी आठ. येणार असल्यास बारा तारखेपर्यंत "हो" एवढंच कळवा.

भाऊंना पत्र वाचून आनंद झाला. त्यांनी त्याचं काम बनवायला घेतलं, आणि मी सांगतो, इतकं देखणं काम आमच्या कार्यालयात पुन्हा झालं नाही. रंग नारिंगी (संत्र्याच्या संबंधामुळे). मनःस्थिती: कृतज्ञ. पायऱ्या चौदा. पहिली, पत्र समजून घेणे. दुसरी, रजेच्या नियमांचा अभ्यास करणे. पाचवी, रेल्वे आणि बस यांची तुलना करणे. सातवी, बाबांशी बोलणे. "हो" कळवणे ही अकरावी पायरी होती, कारण आधीच्या दहा झाल्याशिवाय हो म्हणणं बेजबाबदारपणाचं ठरलं असतं. रोज एक पायरी धरून, मधले रविवार सोडून, अकरावी सतरा तारखेला येत होती.

मी म्हणालो, "भाऊ, आताच हो लिहून टाकलं तं?"

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "अंकुश, सध्या छाननी करून राहिलो ना मी."

दहा तारखेला स्मरणपत्र आलं. ते जुन्या नोंदीखाली जोडलं गेलं. तेरा तारखेला तिसरं आलं: उत्तर न मिळाल्याने आपली तारीख दुसऱ्या रुग्णाला देण्यात आली आहे. यात भाऊंनी करावं असं काहीच नव्हतं, म्हणून त्याची नोंद "माहितीस्तव" अशी झाली. रंग राखाडी.

अठरा तारीख भाऊंनी घरच्या कॅलेंडरवर नारिंगी रंगात लिहून ठेवली होती, म्हणून सोळा तारखेला वहिनींनी पिशवी भरली: दादारावांचे दोन सदरे, टॉवेल, स्टीलचा पेला. मग ऑपरेशनच्या दिवशी बाबांना चहा द्यायचा की नाही हे विचारायला दवाखान्यात फोन केला. तिकडून कळलं की चहा खुशाल द्या, ऑपरेशन नाही.

साडेबारा वाजता आमच्या कार्यालयाच्या दारात वहिनी उभ्या होत्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात दादारावांचा हात. पांढुर्ण्याहून दोघं बसने आले होते.

"ई-मेलले उत्तर दिलं का तुमी?" वहिनींनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. तो चढलेला असता तर बरं झालं असतं.

भाऊंनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे पाह्य. पूर्ण नोंद आहे. प्रगतिपथावर आहे."

वहिनी वाचू लागल्या. कार्यालयात नऊ माणसं होती आणि नऊही अचानक कामाला लागली. दादाराव पुढे झाले. पडद्यापासून चार बोटांवर डोळा नेऊन त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मले तं सारं धुकं दिसते," ते म्हणाले. "पन रंग भरले वाटते. लय मेहनत केली असन पोरानं."

वहिनी वाचत होत्या. "पायरी सात. बाबांशी बोलणे."

"मंग बोल ना," दादाराव म्हणाले. "मी अठीच आहो."

भाऊंनी त्या पायरीची तारीख पाहिली. ती होऊन गेली होती आणि लाल झाली होती. त्यांची बोटं उगीच कळफलकावर ठेवली होती. कान लाल झाले होते.

"बाबा," ते म्हणाले.

"होते बाप्पा कधीकधी," दादाराव म्हणाले, आणि हाताने चाचपत स्टूल शोधू लागले. स्टूल भाऊंनी उठून दिलं.

वहिनींनी मात्र प्रणालीचा उघड अवमान केला. कोणतीही पायरी न आखता, रंग न देता, त्यांनी माझ्याच टेबलाशी उभं राहून दवाखान्यात फोन लावला. तिकडच्या बाईंनी आधी ई-मेल करा असं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "बाई, ई-मेल माह्यासमोर मान खाली घालून बसला आहे. तुमी तारीख सांगा." कोणीतरी रद्द केलेली तेवीस तारीख मिळाली. एकूण वेळ चार मिनिटं. (यात वहिनींनी त्या बाईंना मुलं किती हेही विचारलं.)

त्याच दुपारी भाऊ रजेचा अर्ज घेऊन साहेबांकडे गेले. अर्ज हाताने लिहिला होता.

नागपुरात तिघंही गेले. भाऊंनी तिथे दोन दिवसांत फॉर्म भरले, औषधं आणली, रांगेत उभे राहिले, बाबांच्या चपला कुशीत धरून ऑपरेशनच्या दाराबाहेर दीड तास बसले. पट्टी निघाली तेव्हा दादारावांनी डोळा मिचकावला, भिंत पाहिली, सून पाहिली, मग मुलाकडे बघत राहिले.

"तुहे केस पिकले ना बे."

"दोन वर्षं झाले बाबा."

"सांगाचं नाई का मंग!"

भाऊ हसले, आणि मग खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. हे वहिनींनी मला सांगितलं. अधिकृत नोंद कुठेही नाही.

जानेवारीच्या अखेरीस दादारावांनी फडक्यातला चाकू काढला आणि भैय्याजींच्या रोपवाटिकेत साठ डोळे भरले. चोपन्न फुटले. भैय्याजी पुढच्या हंगामाचं बोलून गेले.

भाऊ कामावर परतले त्या दिवशी प्रणालीने त्यांना आपण होऊन कळवलं: या आठवड्यात तुम्ही एकही काम पूर्ण केलेलं नाही, निराश होऊ नका! भाऊ त्या वाक्याकडे खूप वेळ बघत बसले. मग त्यांनी एक पत्र उघडलं आणि उत्तर दिलं. दुसरं उघडलं, उत्तर दिलं. कवडूचा दाखला सहा मिनिटांत निघाला. कवडू घाबरला आणि काही भानगड आहे का म्हणून मला बाहेर नेऊन विचारू लागला. पंधरा दिवस हे चाललं. दोन पूर्णांक तीनच्या सिद्धान्तानुसार पत्रं वाढली, आणि वरून विचारणा झाली की सौंसरच्या एकाच टेबलावरून एवढी उत्तरं का येत आहेत.

पाठोपाठ दुसरं पत्र आलं. आपल्या रिकाम्या ई-मेल खात्याची कीर्ती ऐकली. आपण इतर कार्यालयांना प्रशिक्षण द्याल का? भाऊंना आता लगेच उत्तर देण्याची सवय लागली होती. पत्र पूर्ण वाचायच्या आत त्यांनी "हो" लिहून टाकलं.

तेव्हापासून ते महिन्यातून चार दिवस तेच पाच नियम शिकवत फिरतात. पाचव्या नियमाशी आले की थांबतात, पाण्याची बाटली उघडतात, पाणी पितात आणि पुढे जातात. लोधीखेड्याच्या प्रशिक्षणार्थींच्या वह्या मी पाहिल्या. सर्वांनी लिहून घेतलं आहे: नियम पाच, पाणी पिणे.

राहिला तुमचा प्रश्न. वाचताना तुम्हाला प्रफुल्लभाऊंसारखा एक माणूस आठवला आहे, आणि ही कथा त्याला पाठवायची हेही ठरलं आहे. अवश्य पाठवा. फक्त पाठवताना मोबाइलवर त्याच्या नावाखालच्या संदेशांत जरा वर सरकून बघा. त्याने तुम्हाला शेवटचं काहीतरी विचारलं होतं. साधंच, कधी येता, बरं आहे का, असं काही. त्याखाली तुमचं उत्तर असेल. तुम्ही त्याला अंगठा दाखवला आहे.