ओटाकारची जड गोळी

"माझं काडतूस सुटतं तेव्हा हाताला पत्ताही लागत नाही," असं ओटाकार नेवर्ली नेमबाजीच्या क्लबात सगळ्यांना सांगायचा, कोणी विचारो वा न विचारो. खरं तर तो स्वतः कधी नेम धरत नसे. तो निवृत्त घड्याळजी. नेमबाज होती त्याची बायको व्लास्ता, शाळेतली स्वयंपाकीण. सुपाचं भरलेलं पातेलं ती एकटी उचलायची, त्यामुळे तिच्या मनगटांबद्दल क्लबात आदरानं बोललं जाई.

ओटाकारच्या तळघरात एका फळीवर प्यायची दारू आणि समोरच्या फळीवर उडवायची. दुसऱ्या फळीखाली बसून तो व्लास्तासाठी काडतुसं भरायचा. गोळी जड घ्यायची आणि बार बेताचा, म्हणजे ती निवांत निघते, धक्का मऊ बसतो आणि पिस्तूल लगेच पुढच्या नेमावर येतं. एकेक काडतूस तो असं पुसायचा, जणू कोणाच्या लग्नातलं घड्याळ आहे.

ब्लांका नावाच्या दंतवैद्य बाईनं व्लास्ताला स्पर्धेत लागोपाठ तीन वर्षं दुसऱ्या नंबरवर ठेवलं होतं. यंदा नाही, असं ओटाकारनं ठरवलं. त्यानं तीनशे काडतुसं भरली आणि प्रत्येक काडतूस नीट बसतं का, हे टेबलावरच्या पिस्तुलाच्या सुट्या नळीत सोडून पाहिलं. टक्. टक्. तीनशे वेळा टक्.

ही नळी व्लास्ताच्या पिस्तुलातून काढलेली, जुनी होती. पिस्तुलात वसंतात नवी बसवली होती. त्या आनंदात दोघांनी एकेक पेलाही घेतला होता.

स्पर्धेच्या सकाळी जुन्या दगडखाणीतल्या मैदानावर, सरावाच्या रांगेत, काडतूस घातल्यावर पिस्तूल पूर्ण मिटेना, नखभर उघडंच राहिलं. व्लास्तानं दुसरं काडतूस घातलं. तेच. तिसरंही तसंच.

"ओटा," ती हळू म्हणाली. तिचं हळू बोलणं शाळेतली मुलंही ओळखत.

ओटाकारनं नळीत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. नव्या नळीत गोळीसाठीची जागा आखूड होती आणि त्याची लांब, जड गोळी पुढे अडत होती.

"मग गोळी जरा आत दाब ना," कोणीतरी सुचवलं.

"नाही," ओटाकार म्हणाला. "आत दाबली की आतला दाब वाढतो. मोजल्याशिवाय मी ते बायकोच्या हातात देणार नाही. हरलो तरी चालेल."

व्लास्तानं त्याच्याकडे पाहिलं आणि शिव्या गिळल्या.

तेवढ्यात ब्लांका आली. "माझ्याकडे दुकानातल्या काडतुसांची दोन खोकी जादा आहेत. घे ना, व्लास्ताबाई."

"फुकट नको," व्लास्ता म्हणाली. तिचा ताठा जगजाहीर. "बदल्यात आमची घे. तुझं पिस्तूल माझ्यासारखंच आहे आणि नळी जुनी आहे."

"अगं, व्लास्ता..." ओटाकार कुजबुजला.

"गप्प बस."

त्यानं ब्लांकाच्या नळीत काडतूस सोडलं. टक्. इतका गोड आवाज त्यानं कित्येक दिवसांत ऐकला नव्हता.

दुकानातली काडतुसं घोड्यासारखी उसळत होती. व्लास्तानं ती मनगटांनी दाबली, दात आवळले आणि असं काही खेळली की पंच शिट्टी विसरला. निशाण्याची एकच पाटी चुकली. दुपारी तीनपर्यंत ती सर्वात पुढे होती.

मग ब्लांका उभी राहिली. तिच्या हातात पिस्तूल जणू झोपलं होतं. टप, टप, टप. लोखंडी पाट्या रांगेत आडव्या होत गेल्या आणि एकही उरली नाही.

ब्लांका पहिली, व्लास्ता दुसरी. बक्षीस घेताना ब्लांकानं ध्वनिक्षेपक धरला. "ही काडतुसं श्री. नेवर्लींची. असं काही मी आयुष्यात हाताळलं नव्हतं." टाळ्या पडल्या. ओटाकार बुटांकडे बघत राहिला. हसू येऊ नये म्हणून त्यानं गाल आतून चावला होता.

परतताना ओटाकार गाडी चालवत होता, प्रोस्त्येयोव गाव आलं. मग व्लास्ता म्हणाली, "खरं सांगते, ओटा. तुझं काम चोख आहे. तिच्या हातात पिस्तूल हललंच नाही."

एकतीस वर्षांच्या संसारात एवढी स्तुती त्याच्या वाट्याला आली नव्हती. तो विरघळला.

"एकदाही नाही," तो म्हणाला. "मी शेवटपर्यंत बघत होतो. डोळे भरून आले माझे."

"तिचं बघून?"

"हो ना."

"आणि मी खेळत होते तेव्हा कुठे होतास?"

ओटाकारनं वायपर चालू केला. बाहेर लख्ख ऊन होतं.