डासमुक्त गल्लीतली पहिली खोली

प्रत्येक जीवाला आपापला हंगाम असतो आणि प्रत्येक समितीला त्या हंगामाची वही असते. जीव बदलतात, वही बदलत नाही. म्हणून तर जगात थोडीफार शिस्त उरली आहे.

पूर्वी डास हा वहीप्रमाणे वागणारा जीव होता. आषाढात कामावर रुजू व्हायचा, दिवाळीच्या फराळापर्यंत चावायचा आणि थंडी पडली की गुमान निघून जायचा. आमच्या सुरतेत थंडी ती केवढी, चार दिवसांची! पण तेवढ्याचाही तो मान ठेवायचा. आता हवामानाचंच बिनसलंय. फेब्रुवारीत घाम, एप्रिलमध्ये पाऊस, दिवाळीत पंखा. त्यामुळे डासांनीही कापडाच्या लूमसारखी बारमाही पाळी धरली आहे. फरक इतकाच की वीज गेली की लूमवाल्याला तासभर विश्रांती मिळते, आणि डासाचा जोर नेमका तेव्हाच वाढतो.

आमच्या गल्ली समितीच्या वहीत मात्र डासांचा हंगाम एक जुलै ते एकतीस ऑक्टोबर असाच आहे. जूनमध्ये चावणाऱ्या डासाची नोंद 'आगाऊ' म्हणून होते, नोव्हेंबरात चावणाऱ्याची 'मागील शिल्लक' म्हणून. (फेब्रुवारीतल्या डासाचं काय करावं, हा विषय चार बैठकांपासून पुढे ढकलला जातोय.) गेल्या वर्षी डासांविषयी एकूण चारशे अकरा तक्रारी आल्या. पैकी एकशे सत्तर हंगामी, दोनशे चाळीस बिगरहंगामी, म्हणून अमान्य. उरलेली एक तक्रार चौकशीअंती डासाबद्दल नसून शेजारणीबद्दल निघाली.

ही वही मी ठेवतो. मी गजेंद्र बोरसे, मूळ पारोळ्याकडचा. एकतीस वर्षं लूमवर काढली, त्यातली एकोणीस मास्टर म्हणून. बिघडलेला लूम थांबू न देता चालवायचा, हे मास्टरचं कसब. निवृत्त झाल्यावर ते कसब मी नवागामच्या आमच्या गल्लीला वाहिलं. अठरा खोल्या, एकाला एक लागून, सगळी आपली खान्देशी माणसं. माझी खोली क्रमांक दोन.

आता पद्धत सांगतो. आमच्याकडे पाणी सकाळी पाऊण तास येतं, म्हणून प्रत्येक घरात ड्रम, हंडे, टब भरलेले असतात. दर गुरुवारी आरोग्य खात्याच्या वर्षाबेन येतात. गुजराती बाई, बोलायला गोड, पण बॅटरी मारून ड्रमच्या तळापर्यंत बघतात. पाण्यात वळवळणारी अळी दिसली की "काका, पाणी ढोळी नाखो" म्हणतात, म्हणजे ओतून टाका. पाणी ओतणं आमच्या जिवावर येतं. ड्रमवर घट्ट फडकं बांधा, असंही त्या सांगतात. गल्लीतले छत्तीस हात रोज हजारो मीटर कापड विणतात; ड्रमला बांधायला फडकं मात्र कोणाला सापडत नाही.

यावर मी जो तोडगा काढला, तो साधा आहे. वर्षाबेन नेहमी एक नंबरपासून सुरुवात करतात आणि चौकटीवर खडूने तारीख आणि शून्य लिहून पुढे जातात. एकदा शून्य लिहिलं की ते घर आठवडाभर स्वच्छ. म्हणजे गल्लीतली सर्वांत सुरक्षित जागा कोणती? जी तपासून झाली ती. वर्षाबेन दोन नंबरात शिरल्या की मागच्या बोळातून सगळ्यांचे ड्रम, आधीच तीन नंबरात सरकवलेला माझाही, एक नंबरात जातात. त्यासाठी मी कारखान्यातून बीम, म्हणजे सुताचे जड रूळ, वाहायची एक जुनी ट्रॉली आणली. (चाकांना तेल घालायचं काम मी स्वतः करतो, आवाज नको म्हणून.) पाण्याचा थेंब वाया जात नाही, अळीलाही इजा होत नाही, आणि अठरा चौकटींवर अठरा शून्यं.

त्या शून्यांच्या जोरावर एका सेवाभावी मंडळाकडून 'डासमुक्त गल्ली' हा मान आम्हाला लागोपाठ चार वेळा मिळाला. पाचव्यांदा मिळाला की गल्लीच्या तोंडाशी कायमचा पत्र्याचा फलक लागणार होता, खाली माझं नाव. माझी बायको शोभा म्हणाली, "नाव तुमचं पत्र्यावर, अन् पाणी तिच्या घरात!" बायकांना सार्वजनिक कामातलं कळत नाही.

ती म्हणजे प्रमिलाबाई. खोली क्रमांक एक. अमळनेरकडची विधवा बाई, साड्यांना टिकल्या लावायचं काम घरी आणते. मुलगा महेश लूमवर, बारा तासांची पाळी. दोन वर्षांपूर्वी नवीन आल्या तेव्हा ती खोली मीच त्यांना मिळवून दिली. पहिल्या गुरुवारी ट्रॉली दाराशी आली तेव्हा बाई म्हणाल्या, "भाऊ, हाई काय?" मी म्हटलं, आपलीच माणसं आहेत, तासाभराचा प्रश्न. नव्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हा आपल्या समाजाचा मोठा गुण.

पुढे काय झालं, की पाळीवरून थकून येणाऱ्या माणसाला संध्याकाळी ड्रम परत न्यायचा कंटाळा येतो. आज नेऊ, उद्या नेऊ. शेवटी सात ड्रमांचा मुक्काम तिथेच पडला; गुरुवारी सकाळी तेवढे ते अठरा नंबरात जात आणि वर्षाबेन दोन नंबरात शिरल्या की परत येत. सर्वांत मोठा नऊ नंबरातल्या गोपाळचा, निळा. दहा बाय बाराच्या खोलीत सात ड्रम, आणि त्यांच्यामधून जागा काढून मायलेक झोपत. गंमत अशी की गुरुवारी स्वतःची भांडी खरोखर रिकामी करून, उन्हात पालथी घालणारी गल्लीतली एकमेव बाई हीच. मी तिचं उदाहरण बैठकीत नेहमी देत असे.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी पाऊस पडला. झोक्यांचे दोर भिजले, पोरी रुसल्या. पंधरा दिवसांनी महेशला ताप भरला.

प्रथम आम्ही वही पाहिली. मे महिना, म्हणजे हंगाम नाही. मी प्रमिलाबाईंना तसं समजावलं, की ऊन लागलं असेल, कांदा हुंगायला द्या. चौथ्या दिवशी पोराच्या हिरड्यांतून रक्त आलं. पाळीवरच्या पोरांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डेंग्यू. प्लेटलेट इतक्या खाली, की डॉक्टर पहिले दोन दिवस आईशी धड बोलेचनात. गल्लीतल्या सहा जणांनी रक्त दिलं, गोपाळने सर्वांत आधी. हे मी मुद्दाम नोंदवतो. आमची माणसं रक्ताला मागे हटत नाहीत. प्रश्न फक्त पाण्याचा असतो.

दवाखान्यातून नाव कळताच वर्षाबेन गुरुवार नसताना एक नंबर तपासायला आल्या. त्या गल्लीच्या तोंडाशी दिसल्या मात्र, प्रमिलाबाईंची चावी माझ्याकडे असल्यामुळे सातही ड्रम ट्रॉलीवरून अठरा नंबरात पोचले. एकोणीस वर्षांच्या मास्टरकीत इतकं चपळ काम मी पाहिलं नाही. खोलीत त्यांना काय मिळालं? चार पालथे हंडे. बिचाऱ्या दारातच उभ्या राहिल्या. "काका, आ घरमां तो कंई नथी. तो छोकरो बीमार कैसे पड़ा?" मी आकाशाकडे बोट दाखवलं. संध्याकाळी ड्रम परत एक नंबरात ठेवले. बंद घर आणखी सोयीचं.

महेश वाचला. अकराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, परवा घरी न्या, पण एक ध्यानात ठेवा: एकदा झालेल्याला दुसऱ्या जातीचा डेंग्यू झाला तर तो पहिल्यापेक्षा वाईट निघू शकतो. या पोराला आता डास चावता कामा नये.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, पाण्याच्या वेळेला, प्रमिलाबाई माझ्या दाराशी आल्या. डोळे खोल गेलेले, साडी चार दिवसांची. आवाज मात्र शांत. म्हणाल्या, "मास्टरभाऊ, एक डाव वर्षाबेनले खरं सांगी द्या. ती औषध टाकी, अळ्या खानारा मासा सोडी, फवारा मारी. मन्हा पोऱ्या उद्या घर येस. मी सांगसू त चुगली व्हई. तुम्ही सांगशात त कबुली."

बाई एवढंच मागत होती. फलक नको, भरपाई नको. गल्लीने एकदा खरं बोलायचं. मी म्हटलं, बैठक घेतो.

बैठक मंदिराच्या ओट्यावर झाली, चांगली दोन तास. कोणीही वाईट बोललं नाही. सगळ्यांना महेशबद्दल वाईट वाटत होतं, गल्लीतल्या रंजनाताई तर रडल्या. पण कबुली दिली तर अठरा दारांवर नोटिसा लागणार, आणि फलक महिनाभरावर आलेला. गोपाळ म्हणाला, "ड्रम माझा आहे हो, पण त्यातला डास माझा कशावरून? सात ड्रम आहेत." हा मुद्दा मी वहीत लिहून घेतला. मग चेतन नावाच्या शिकलेल्या पोराने मोबाइल काढून वाचून दाखवलं, की हवामानबदलामुळे डासांचा हंगाम लांबला आहे. ओट्यावर इतकी सुटका पसरली, की कोणीतरी चहा सांगितला. ठराव असा:

"सर्वानुमते असे ठरले की, चि. महेश यास आलेला ताप हवामानबदलामुळे आलेला असून, सदर हवामान गल्लीबाहेरून आलेले आहे. गल्ली त्याचा तीव्र निषेध करते."

हवामानाचं हे फार चांगलं आहे. त्याला खोली नंबर नसतो, त्याच्या दारावर नोटीस लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी नळावर ते आपल्याशी अबोला धरत नाही. ठरावाखाली पहिली सही माझी. प्रमिलाबाईंनी ठराव ऐकला, "बरं" म्हणाल्या आणि चावी मागितली.

दुपारी ट्रॉलीचा आवाज आला म्हणून मी बाहेर पाहिलं. बाई एकट्या ओढत होत्या. सातही ड्रम त्यांनी ज्याच्या त्याच्या दारात नेऊन ठेवले, एकाचीही चूक न करता. निळा ड्रम ठेवताना गोपाळची बायको आतून बाहेर आलीच नाही. मग खोली झाडली, कुलूप लावलं, आणि पोराला दवाखान्यातून परस्पर सुरतेबाहेर कामरेजला बहिणीकडे घेऊन गेल्या. तिथे पत्र्याची एक खोली मिळालीय म्हणतात. महेशला अजून जिना चढवत नाही.

पुढच्या गुरुवारी वर्षाबेनने एक नंबरचं कुलूप पाहिलं, चौकटीवर 'बंद' लिहिलं आणि तपासणी दोन नंबरपासून सुरू केली. शून्य लिहून त्या तीन नंबरात गेल्या, आणि माझ्या मागच्या दारावर थाप पडली. ट्रॉली घेऊन गोपाळ उभा. मी म्हटलं, अरे, हे काय? तो आदराने म्हणाला, "मास्टर, पद्धत तुमचीच आहे."

बरोबरच होतं ते. मी बाजूला झालो.

फलक लागला. छान रंगवलाय. माझी नात नूतन सहा वर्षांची; तिला पंधरा दिवसांनी ताप भरला. कालपासून तिच्या दंडावर बारीक लाल ठिपके आहेत. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, घरात पाणी साठवता का? शोभा माझ्याकडे बघत राहिली. आणि मी, ज्याने एवढी वही ठेवली, ठराव लिहिले, तो मी म्हणालो, "साहेब, हवामान बदललंय." पोरगी माझं बोट धरून बसली होती. मला भीती वाटते, फार वाटते. पण आता कोणत्या तोंडाने सांगू?

तेव्हा हे लिहिण्याचं कारण. आमच्या गल्लीत खोली क्रमांक एक रिकामी आहे. भाडं वाजवी, शेजार प्रेमळ, गल्ली प्रमाणित डासमुक्त. लवकर कोणीतरी यायला हवं. तुम्ही याल असं मला वाटत नाही. इथवर वाचून तुम्हाला आमचा पुरेसा राग आलेला आहे, आणि तो योग्यच आहे. पण निदान एखादं कुटुंब सुचवा. नवीन असावं, गरीब असावं, नाही म्हणायची सवय नसावी. तुमच्या ओळखीत असं घर असणारच. आपल्या सगळ्यांच्याच असतं.

बघा, एक नाव आठवलंसुद्धा तुम्हाला. तेच पाठवा.