काच बंद करून आणावी

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी गाडीची चालकाच्या बाजूची काच खाली गेली ती गेलीच. वर येण्याचे नाव घेईना. घटना किरकोळ होती. परंतु गाडीचे मालक एका कारखान्यातून मुख्य तपासणीस म्हणून निवृत्त झाले असल्यामुळे ती किरकोळ राहणे शक्य नव्हते. हाताखालची माणसे त्यांना पाठीमागे, केसभर फरकही पकडणाऱ्या मापकाच्या नावावरून, ‘व्हर्नियर’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होते आणि मनातून आवडतही होते.

त्यांच्या पत्नीच्या डोळ्याचे ऑपरेशन होऊन तीनच दिवस झाले होते. दुपारी चारला डॉक्टर डोळा तपासणार होते आणि संध्याकाळीच दहा दिवसांसाठी परगावी जाणार होते. वारा आणि धूळ डोळ्यात जाता कामा नये, असे त्यांनी निक्षून बजावले होते.

व्हर्नियर तडक गाडीच्या कंपनीच्या सेवाकेंद्रात गेले. काउंटरवरच्या सल्लागार बाईंनी हसून स्वागत केले.

“काका, तक्रार नोंदवायच्या आधी गाडी धुतली जाते. आणि धुवायला सगळ्या काचा बंद लागतात.”

“काच बंद होत नाही, हीच तक्रार आहे.”

“हो ना. तेवढी बंद करून आणा, लगेच नोंदवून घेते.”

दुसरा कोणी असता तर भडकला असता. पण ‘अस्वच्छ यंत्राची तपासणी करू नये’ हा नियम कारखान्याच्या भिंतीवर तांबड्या अक्षरांत व्हर्नियर यांनीच रंगवून घेतला होता. नियम चोख होता. ते घरी परतले.

त्यांनी दाराच्या आतील स्विचची पट्टी उचकटली, मीटर लावला. काच खाली नेताना मोटरला वीज मिळत होती, वर घेताना मिळत नव्हती. अर्थात मोटर निर्दोष, दोष स्विचमध्ये. तो उघडला तर आतली पितळी पट्टी काजळलेली. स्पिरिटने पुसली, बारीक पॉलिश कागद फिरवला, तारांची पिन पुन्हा खोचली. काच गुमान वर आली.

“सुटलो बाई!” शेजारी उभ्या असलेल्या पत्नी म्हणाल्या. “आता जेवून सरळ डॉक्टरांकडे.”

“वाटेत सेवाकेंद्र. नोंद राहिली आहे.”

“अहो, काच लागली ना?”

“अगं, नोंद नसलेली दुरुस्ती म्हणजे निव्वळ योगायोग.”

दोन वाजता गाडी धुतली गेली, तक्रार नोंदवली गेली. तंत्रज्ञाने बटण तीस वेळा दाबून पाहिले. तीनला सल्लागार बाई चिंताक्रांत चेहऱ्याने बाहेर आल्या.

“काका, दोषच सापडत नाहीये.”

“मी सकाळी दुरुस्त केला आहे.”

“अय्या, मग आता? कोणता भाग बदलला ते भरल्याशिवाय कॉम्प्युटर तक्रार बंद करत नाही. आणि तक्रार बंद झाल्याशिवाय गेटपास निघत नाही.”

“काहीच बदललेले नाही.”

“म्हणूनच तर निघत नाहीये.”

घड्याळात सव्वातीन झाले. काळ्या चष्म्याआडून पत्नींनी एक उसासा सोडला. सल्लागार बाई आवाज खाली आणून म्हणाल्या, “काका, राग मानू नका. काच परत बिघडवता येईल का?”

चौतीस वर्षांच्या सेवेत व्हर्नियर यांना असे कोणी विचारले नव्हते. त्यांनी काच खाली घेतली, पट्टी उचलली आणि स्विचची पिन उपसली. काच निपचित पडली.

“सापडला दोष!” सल्लागार बाईंचा चेहरा उजळला. नवा स्विच मागवला गेला. तो आठ दिवसांनी येणार होता. भागाचा क्रमांक भरला, तक्रार बंद झाली, गेटपास निघाला. काच मात्र उघडीच राहिली. पट्टीवर एक कागदी सील चिकटवले गेले: ‘अधिकृत व्यक्तीखेरीज कोणीही हात लावू नये.’

फाटकाबाहेर धुळीचा लोट उठला. पत्नींनी पदर डोळ्यावर दाबला. व्हर्नियर यांनी गाडी थांबवली, सीलकडे पाहिले आणि हात मागे घेतला.

“सील आहे गं.”

“सरका जरा.” पत्नींनी नखाने सील टरकावले, पट्टी उचलली आणि पिन खटकन आत बसवली. “सकाळी शेजारी उभं राहून बघितलंय सगळं.”

“पण अधिकृत व्यक्ती...”

“मी आहे. डोळा माझा आहे.”

काच वर आली. चारला दोन मिनिटे असताना दोघे दवाखान्याच्या दारात पोहोचले, तोच व्हर्नियर यांचा फोन वाजला.

“काका, सेवा कशी वाटली? दहापैकी किती देणार? नऊ दिले तरी आम्हाला नापास धरतात हो.”

केसभर फरकासाठी गाडाभर माल परत पाठवलेल्या माणसाने घसा खाकरला. पत्नी उघड्या डोळ्याने त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या.

“दहा,” व्हर्नियर म्हणाले.

“एवढं सगळं होऊन दहा?”

“अगं, त्या पोरीची नोकरी...”

अशा रीतीने ती सेवा दफ्तरी शंभर टक्के समाधानकारक ठरली आणि काचा बंद करून आणण्याचा नियम त्या आकड्याच्या आधारे आणखी वर्षभरासाठी कायम करण्यात आला. वाचकांनी व्हर्नियर यांना खुशाल हसावे. फक्त आपल्याला असा फोन शेवटचा आला होता तेव्हा आपण किती दिले होते, तेवढे आधी आठवावे.