बारा जोड्या बरगड्या

आमचे आप्पा भेटल्यावर नमस्कार करत नसत; ते बरगड्या चाचपत. तुमच्या दोन्ही कुशींवर तळवे ठेवायचे आणि हुकूम सोडायचे, "घ्या श्वास!... सोडा!" मग समाधानाने मान हलवायची, "पिंजरा शाबूत."

आप्पा कल्याणला मालधक्क्यावर कारकून. चाळीत त्यांची आमची भिंत एक. स्वातंत्र्य मिळून चारेक वर्षं झाली होती, पण आप्पांपासून कुणाची सुटका नव्हती. गवळ्याला गुदगुल्या झाल्या आणि शेरभर दूध जिन्यावर सांडलं. सत्यनारायणाला आलेले भटजी तिसऱ्या अध्यायात हसत सुटले. वर आप्पांचं व्याख्यान: "काळीज, फुप्फुसं ही काय उघड्यावर ठेवायची चीज आहे? म्हणून बारा जोड्या! आणि त्या उचलल्या जातात म्हणून आत हवा येते. त्यात तुमची काय कर्तबगारी?"

त्यांची बायको, ताराकाकू, क्षयाने आजारी. ऑपरेशन होऊन मुंबईच्या इस्पितळातून घरी आल्या, तेव्हापासूनच आप्पांना हे खूळ लागलं. चाळ म्हणे, बिचाऱ्याचं डोकं फिरलं. त्यांच्या उंबऱ्यापलीकडे मात्र कुणी जात नसे. आईने आम्हालाही तशी ताकीद दिली होती.

अशात माझ्या बहिणीला, कुसुमला, बघायला ठाण्याची मंडळी यायची होती. आधी दोन नकार पचवून झाले होते. हे स्थळ जमावं म्हणून आईने सोमवार धरले होते. मी आदल्या दिवशी आप्पांना हात जोडले, "आप्पा, उद्या तेवढे हात आवरा."

"म्हणजे काय! मला कळत नाही?"

दुसऱ्या दिवशी पोहे येण्याआधीच आप्पा आले आणि नवऱ्या मुलाच्या कोटाच्या आत दोन्ही हात घालून म्हणाले, "घ्या श्वास!"

मुलाचे वडील ताडकन उठले. "आम्ही मुलगी बघायला आलोय की बैल विकायला?" मंडळी गेली. पोह्यांच्या बश्या तशाच राहिल्या, आणि कुसुम स्वयंपाकघरात रडत बसली.

मी तणतणत आप्पांच्या घरात शिरलो. पहिल्यांदाच. काकू खाटेवर टेकून बसल्या होत्या, आणि आप्पांनी त्यांच्या डाव्या कुशीवर तळवा दाबून धरला होता.

"सात बरगड्या काढल्यात," आप्पा म्हणाले. "सडकं फुप्फुस मिटावं म्हणून. आता श्वास घेतला की ही बाजू फुगायच्या ऐवजी आत जाते. असा हात दाबून धरला की तिला जरा बरं वाटतं. पण किती दाबायचं, कधी सोडायचं, हे हाताला कळायला नको? ते धडधाकट माणसाच्या बरगड्यांवरूनच शिकायचं." मग खाली मान घालून म्हणाले, "कुसुमचं वाटोळं केलं मी."

"रोज सांगते यांना, लोक हसतात," काकू धापा टाकत म्हणाल्या.

भांडायला आलेला मी, मला माझीच फार लाज वाटली.

दिवाळीच्या आधी काकू गेल्या. कुसुमचं पुढे कोपरीच्या दुसऱ्या एका मुलाशी लग्न झालं. आप्पा मात्र कुणाच्या बरगडीला हात लावेनात. जिन्यात भेटले की इतरांसारखंच "काय, बरं आहे ना?" म्हणत, दोन्ही हात पाठीमागे बांधून. चाळीला हायसं वाटलं. मला ते बघवेना.

एकदा मीच त्यांना जिन्यात अडवलं. त्यांचा हात ओढून माझ्या बरगड्यांवर ठेवला आणि म्हटलं, "आप्पा, बघा बरं, पिंजरा शाबूत आहे का?"

मी श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. आप्पांनी हुकूम सोडला नाही. हातही काढला नाही.