भट्टीतली चाळीस बिस्किटं

"उद्यापासून बॅरन घरचीच बिस्किटं खाणार!" मनोंग तिबोय जेवणाच्या टेबलावर ठणकावून म्हणाले आणि सर्वांत मोठा धक्का त्यांना स्वतःलाच बसला. तीस वर्षं नगरपालिकेच्या वाचनालयात 'शांतता राखा' या पाटीखाली बसलेला माणूस! ठणकावणं त्यांच्या घशाला ठाऊकच नव्हतं.

बॅरन हा त्यांच्या धाकट्या बहिणीचा, कोंचिंगचा, कुत्रा. आकार नारळाएवढा, रुबाब गव्हर्नराचा! परदेशी पाकिटातल्या बिस्किटांशिवाय कशालाही तोंड लावायचा नाही, आणि ते पाकीट चारशे पेसोंना!

"पुस्तकात वाचलंस ना, मनोंग?" कोंचिंगने विचारलं. मनोंग म्हणजे थोरला भाऊ; अख्खं गावही त्यांना तसंच हाक मारी. "पोहण्याचंही पुस्तक वाचलं होतंस. मग बाहेर कोणी काढलं?"

"शेजाऱ्यांनी," तिबोय पुटपुटले.

पण बोललेला शब्द मागे कसा घ्यायचा? कलेजी, रताळं, शेवग्याचा पाला, सगळं मिळून साठ पेसोंत आलं. अडचण एकच, घरात भट्टी नव्हती. ती गल्लीच्या तोंडाशी, पुरिंगच्या बेकरीत. विटांची, लाकडावर चालणारी. सकाळचे पाव निघाले की उरलेल्या धगीवर शेजारीपाजारी आपापलं काहीबाही भाजून घेत. पुरिंग त्याचे पैसे घेत नसे. तिची अट एकच : काय भाजताय ते आधी सांगायचं. विटा वास धरतात!

आता कुत्र्याचा खाऊ आहे, हे कसं सांगावं? तिबोयनी ट्रेवर फडकं ओढलं आणि म्हणाले, "बिस्किटं." खोटं तर नव्हतं!

पहिल्या दिवशी बॅरनने बिस्कीट हुंगलं आणि पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी तिबोयनी सुकी मासळी कुटून घातली. बॅरन शिंकला. तिसरा दिवस म्हणजे गावच्या संताच्या, सान रोकेच्या, उत्सवाचा आदला दिवस. तिबोय हट्टाला पेटले! कलेजी दुप्पट, मासळी दुप्पट आणि वर खारवलेल्या जवळ्याचं वाटण दोन मोठे डाव. पीठ मळताना त्यांचा स्वतःचाच चष्मा घामाने धुरकटला.

"लवकर उरका, मनोंग," पुरिंग कोपरापर्यंत पिठात होती. "उद्याचे पाचशे पाव आहेत. गेल्या वर्षी चर्चचं काम त्या बसस्टँडजवळच्या चकचकीत काचांच्या बेकरीने पळवलं. यंदा फादरनी परत मला दिलंय. हेही बिघडलं, तर भट्टी विझवायची आणि मुलीकडे मनिलाला जाऊन नातवंडांची नाकं पुसत बसायचं."

हे ऐकून तिबोयनी घाई केली. लांब दांड्याच्या लाकडी फळीवर ट्रे ठेवून त्यांनी तो आत ढकलला, फळी तिरकी झाली, आणि चाळीसच्या चाळीस बिस्किटं घरंगळत भट्टीच्या मागच्या काळ्या कोपऱ्यात! फळी पोचेना. हात घालावा तर हात भाजेल.

"काही पडलं का हो?"

"नाही... म्हणजे... झालंच," तिबोय म्हणाले आणि रिकामा ट्रे फडक्याखाली झाकून घरी आले. संध्याकाळी सांगू म्हणाले. संध्याकाळी पुरिंग कामात होती. सकाळी सांगू म्हणाले. सकाळी भट्टी पेटून पाव बाहेरही आले होते! कोपऱ्यातली चाळीस बिस्किटं त्या धगीत सावकाश धुमसली होती आणि त्यांचा धूर पाचशे पावांनी मन लावून प्यायला होता.

सान रोकेच्या मूर्तीच्या पायाशी एक लाकडी कुत्रा असतो, तोंडात पाव धरलेला. म्हणून मिरवणुकीत प्रत्येकाच्या हातात एक पाव. पण सान रोके चर्चच्या दारी परत आल्यावर फादरांनी पवित्र पाणी शिंपडेपर्यंत त्याला दात लावायचा नाही! म्हणजे तासभर पाव नुसता धरून चालायचं.

तिबोयनी आपला पाव हुंगला आणि वास ओळखला : कलेजी, मासळी, जवळा!

न्हाव्याच्या दुकानापाशी पहिला कुत्रा सामील झाला. पाण्याच्या टाकीपाशी सहा होते. पुलावर चाळीस! भुंकणं नाही, भांडणं नाही. नाकं वर करून, शाळेच्या रांगेसारखे चालत होते.

"सान रोकेचे कुत्रे आले!" कोणीतरी ओरडलं. "चमत्कार!" एका म्हातारीने तर रस्त्यातच गुडघे टेकले.

पुरिंग गर्दीतून तिबोयजवळ आली. चेहरा पिठासारखा पांढरा. "मनोंग, पावाला वास येतोय."

"येतोय."

"पीठ माझंच बिघडलं असणार. आता लोक चावा घेतील आणि..."

चर्चच्या पायऱ्या आल्या. फादरांनी पाणी शिंपडायला हात उचलला आणि तिबोय आयुष्यात दुसऱ्यांदा ठणकावले. "फादर, थांबा!"

बँड थांबला. फादरांनी आपला बोलायचा कर्णा त्यांच्या हातात दिला. पाचशे डोकी वळली. तिबोयना वाचनालयाच्या टेबलाखाली शिरावंसं वाटलं, पण टेबल नव्हतं.

"मी... कुत्र्यांसाठी बिस्किटं भाजली. तीन दिवस. पुरिंगच्या भट्टीत. तिचा काही दोष नाही! हे कुत्रे त्यामुळेच आलेत!"

"ऐकलंत?" एक बाई गहिवरली. "तीन दिवस मुक्या जिवांना खाऊ घातलं!"

"आणि कोणाला सांगितलं नाही!"

"पुरिंगने भट्टी फुकट दिली हो!"

टाळ्यांचा कडकडाट! "तसं नाही हो! पावाला..." तिबोय ओरडले, पण बँडवाल्यांनी भक्तीच्या भरात पुन्हा वाजवायला घेतलं.

फादरांनी हातातला पाव हुंगला. जरा वेळ हुंगला. मग कुत्र्यांकडे पाहिलं, मग गावाकडे. तासभर पाव हातभर लांब धरून चाललेले ते पाचशे चेहरे त्यांनी वाचले असावेत.

"सान रोकेला कुत्र्याने पाव आणून दिला होता," ते गंभीरपणे म्हणाले. "आज आपण तो परत करू!"

इतका आज्ञाधारकपणा गावाने पूर्वी कधी दाखवला नव्हता! दोन मिनिटांत पाचशे पाव फस्त. एकाने तर शेजाऱ्याच्या हातातलाही देऊन टाकला.

"पुढच्या वर्षी पाव तुमचेच, पुरिंग," फादर जाता जाता हळूच म्हणाले. "फक्त आदल्या दिवशी भट्टीत कोणाला काही भाजू देऊ नका."

गर्दी पांगली. पुरिंग तिबोयसमोर येऊन उभी राहिली.

"किती राहिली होती आत?"

"चाळीस."

तिने रुमालाची गाठ सोडली. आत मुद्दाम राखून ठेवलेला एक पाव होता. "खा."

"इथे?"

"इथेच. माझ्यासमोर."

"पुरिंग, मी मनापासून माफी..."

"सगळा खायचा."

तिबोयनी घास घेतला. चावला. डोळ्यांत पाणी आलं. गिळण्याचा प्रयत्न केला, पण घशाने नकार दिला.

"कुत्र्याला देण्याआधी एकदा तरी चाखून पाहिली होतीत ती बिस्किटं?"

तोंड भरलेलं असल्यामुळे तिबोयनी नुसतीच मान हलवली. नाही.

"मग आता कळलं ना," पुरिंग म्हणाली, "बिचारा बॅरन तोंड का फिरवतो ते!"