ट्रेमधला फेस

मुलांनो, डोळ्यांसमोर एक खोली आणा. मधोमध पुरुषभर उंचीची स्टीलची टाकी, आणि टाकीत काळीभोर लागर, म्हणजे मोठ्या माणसांची बीअर. आपण ती प्यायची नाही, फक्त तिच्या फेसावर नजर ठेवायची.

ती बनवली होती आत्याने, बार्ली नेहमीपेक्षा जास्त भाजून. प्रयोग पहिलाच. बीअरच्या कारखान्याच्या मालकांनी निक्षून सांगितलं होतं, "फेस दोन मिनिटं टिकला तर विकू. नाही तर टाकी गटारात ओतू." सहा आठवड्यांची मेहनत पणाला लागली होती.

त्या सकाळी आत्याने तेलाच्या फडक्याने टाकी बाहेरून लखलखीत केली. सोबत आलेल्या तिच्या सात वर्षांच्या भाचीला ते फार आवडलं. तिने तेच फडकं घेऊन ग्लासही पुसले. आत्याला न सांगता, कारण मदत गुपचूपच करायची असते, असं तिचं मत होतं.

मालक आले. आत्याने ग्लास भरला. फेस वर आला आणि बघता बघता बसला.

"हे काय?"

"थंड कमी झाली असेल," आत्या म्हणाली. तिने त्याच बीअरची बर्फात ठेवलेली बाटली काढून दुसरा ग्लास भरला. तोही बसला.

"उंचावरून ओतते." आता तर निम्मी बीअर खालच्या ट्रेमध्ये सांडली. मालक ट्रेकडे बघत राहिले. तिथे बोटभर फेस ऐटीत बसला होता.

"ट्रेमधून विकायची का आता?" असं म्हणून ते टाकीच्या नळाकडे निघाले.

"थांबा, अजून एकदा," आत्या हट्टाला पेटली होती.

भाचीही ट्रेकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "आत्या, ट्रे मी नव्हता पुसला."

"म्हणजे?"

"ग्लासच पुसले. टाकीच्या फडक्याने. चमकावेत म्हणून."

आत्याने कपाळावर हात मारला. "अगं, तेल लागलं की फेस मरतो." तिने गरम पाण्याने, साबणाने एक ग्लास घासला, खळखळून विसळला आणि भरला. मालकांनी घड्याळ धरलं. दोन मिनिटं झाली, तीन झाली, फेस हलेना. मग त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला.

"विकू," ते म्हणाले. "चार वाजता गिऱ्हाइकं येतील. आणि तू गं, किती ग्लास पुसलेस?"

"कपाटातले सगळे. साठ."

घड्याळात साडेतीन झाले होते. भाचीने बाह्या सरसावल्या, सिंकचा नळ सोडला आणि साबण मालकांच्या हातात दिला.

"तुम्ही घासा. मी विसळते."